दंडावरचा पट्टा

चिमणे,

त्या दिवशी दोन तास वाया गेले, त्यांची किंमत तुझी आई. नर्सने उशीर केला, ही तक्रार मीच तुला सुबक लिहून दिली. पण तिने आईचं नख दाबून पाहिलं होतं.

"काका, रंग लवकर परत येत नाहीये. जंतू रक्तात गेलेत. डॉक्टरांना बोलावते, सलाईन जोरात सोडायला हवं."

मी हसलो. "पोरी, हे मॉनिटर मीच विकलेत. प्रेशर झकास आहे. नुसत्या आवाजावरून मी मशीनचा बिघाड ओळखतो!"

ती बिचारी डॉक्टरांना न बोलावता थांबली.

मॉनिटरवरचा प्रेशरचा आकडा जुनाच होता. दर पंधरा मिनिटांनी प्रेशर मोजायला दंडावरचा पट्टा घुरघुरत फुगायला हवा. दोन तास तो एकदाही घुरघुरला नाही, आणि मी शेजारीच बसलो होतो.

हेही तुला न पाठवणारा,
बाबा