सही करण्याआधी

सांतो दोमिंगो, मंगळवार

प्रिय नूरिस,

यानेलिस सुखरूप आहे, हे सगळ्यात आधी. माझ्या पलंगाबाहेर तिचे पाय येतात आणि मी कुस्करलेल्या केळ्यांच्या मांगूत मीठ कमी असतं, असं ती मला तोंडावर सांगते. अगदी तुझीच लेक. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला हसवतेस आणि बोलायचं ते राहून जातं. बरंच काही राहून गेलंय, म्हणून लिहायला बसले.

मागच्या बुधवारी ती बसमधून उतरली ती छातीशी फाइल धरूनच. "मावशी, मला निवडलंय!" तिकडे तुमच्या बाराओनात समुद्राकाठच्या रस्त्यावर कुणा गृहस्थाने तिला कार्ड दिलं होतं. प्रशिक्षण आणि फोटोंचा अल्बम यांचे पैसे आठ दिवसांत भरायचे, नाहीतर तिची जागा दुसरीला. तुला तर ठाऊक आहे, गेली सहा वर्षं मी एका लहानशा मॉडेलिंग एजन्सीत पुढच्या टेबलावर बसते. अशा फायली मी फार पाहिल्यात. मी विचारलं, "निवडलं, पण कशासाठी? कुठलं काम?" म्हणाली, "ते नंतर कळेल." "आणि पैसे?" "ते आत्ता." मी म्हटलं, "बाळा, हे उलटं झालं. खरी एजन्सी तुला काम मिळवून देते आणि त्या कमाईतून आपला हिस्सा घेते. कामाआधीच जे तुझ्याकडे पैसे मागतं, त्या दुकानाचं गिऱ्हाईक तूच." तर फणकाऱ्याने म्हणते, "तुम्हाला आणि आईला जमलं नाही, म्हणून मलाही अडवा!"

लागलं गं मला ते. पण पोरीचं काय चुकलं? तिच्या वयाच्या असताना आपण तरी कुणाचं ऐकत होतो? गल्लीभर आपली चेष्टा चालायची. "काय गं, वर वारा कसा आहे?", "दिवा बदलायचाय, त्या दोघींना हाक मारा!" आणि एका दुपारी पांढऱ्या सुटातला ओस्वाल्दो आला. बाजारात आधी मला थांबवलं त्याने, दोन आठवड्यांनी तुला. जिच्या उंचीला सगळे हसतात, तिला कुणी एकाने म्हणावं की देवाने तुला यासाठीच एवढी घडवलीय, मग ती पोर कशाला काही विचारेल? हॉटेलच्या हॉलमध्ये आपण डोक्यावर पुस्तक ठेवून चाललो. इटलीला जायचं म्हणून तू हौसेने चार इटालियन शब्द पाठ केलेस. महिन्याने हॉल रिकामा, फोन बंद. तुझ्या आत्याने न्यूयॉर्कहून नर्सिंगच्या शिक्षणासाठी पाठवलेलं सगळं त्याच्या फीत गेलं. तू माझ्या गळ्यात पडून रडलीस. आजही गल्लीतल्या म्हाताऱ्यांना सुई तूच टोचतेस, आणि डॉक्टरपेक्षा तुझा हात हलका आहे असं ते म्हणतात. ते ऐकलं की मला जेवण जात नाही.

असो. गुरुवारी सकाळी मी यानेलिसला म्हटलं, "भांडू नकोस. चल, न कळवता बघून येऊ." कार्डावरच्या पत्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर, दातांचा दवाखाना! तिथली बाई मान वर न करता म्हणाली, "मॉडेलवाले? ते शनिवारी दोन तास मागची खोली भाड्याने घेतात. आज दात दाखवायचा असेल तर बसा." तिथून, त्यांच्या पत्रकात 'आमच्या मुलींचं काम' म्हणून ज्याची जाहिरात छापली होती त्या कापड दुकानात गेलो. मालकाने चष्मा चढवला, पत्रक लांब धरलं आणि ओरडला, "अहो, ही तर माझी भाची! तिच्या वाढदिवसाचा फोटो आहे हा. या चोरांनी कुठून उचलला?" यानेलिस आधी हसली, मग तिने फाइल मिटली. पायऱ्यांवर बसून गरम तळलेला यानिकेके खाता खाता म्हणाली, "मी रडले हे आईला सांगू नका." मी सांगतेय. रडली, आणि मग माझाही यानिकेके खाल्ला.

दुसऱ्या दिवशी तिनेच हट्ट धरला, तुमच्या ऑफिसात न्या. मी म्हटलं, "मी आहे म्हणून येऊ नकोस. तिथेही तेच प्रश्न विचार." विचारले तिने, वहीत लिहून! आमच्या मालकीणबाई दोन्या इल्सा यांनी खिडकीपाशी उभं करून तिचे चार फोटो काढले. केस बांधलेले, साधा टीशर्ट, तोंडाला काही फासलेलं नाही, आणि पैशांचं नावही नाही. मग म्हणाल्या, "उंची आहे, चेहरा आहे, चाल अजून शाळकरी आहे. वर्षभरात एकही काम मिळेल असं वचन मी देणार नाही." यानेलिसचा चेहरा उतरला. मला मात्र बरं वाटलं. आपल्याला त्या हॉलमध्ये इतकं रुक्ष कुणीच बोललं नव्हतं.

दोन्या इल्सा तिला घ्यायला तयार आहेत, पण ती सतराची आहे, म्हणून तुझ्या सहीशिवाय काही होणार नाही. करार सोबत पाठवतेय. तो आमच्या नव्हे, तुझ्या ओळखीच्या वकिलाकडून वाचून घे. आमच्याकडे काम केलेल्या तिघींचे नंबर मागे लिहिलेत. तिसरी आमच्याशी भांडून गेली, तिला तर नक्की फोन कर. पासपोर्ट कुणी ठेवायला मागितला तर देऊ नकोस. आणि शाळा संपेपर्यंत पोरगी तुझ्याकडेच राहू दे.

काल तुझा निरोप ऐकला. "बेल्किस, तू सांगितलंस ना, मग मी वाचत बसत नाही. माझ्यासारखीच पोळलेली आहेस तू. डोळे झाकून सही करते." तो मी तीनदा ऐकला. नूरिस, मी पोळले नव्हते. ओस्वाल्दोला द्यायला माझ्याकडे काही नव्हतंच. तो म्हणाला, मुली घेऊन ये, तुझी फी माफ. इटलीहून पत्र आलंय, मी डोळ्यांनी पाहिलंय, मीसुद्धा पैसे भरलेत, हे मी तुला सांगितलं. तेच आणखी चौघींना सांगितलं. पत्र मी पाहिलं नव्हतं, पैसे भरले नव्हते. तो आपल्याला खरंच नेणार असं मला वाटायचं, पण तेवढ्याने खोट्याचं खरं होत नाही. तू माझ्या गळ्यात पडून रडलीस, तेव्हा मीही तुझ्याबरोबर रडले आणि बावीस वर्षं फसवली गेलेलीच राहिले. एकदा माझ्या शब्दावर तू डोळे झाकलेस. आता लेकीसाठी ते उघडे ठेव. कागद वाच, मला ओळखत नाहीस असं समजून वाच. मग सही कर किंवा फाडून टाक. मला फोन करायचा की नाही, तेही तूच ठरव.

तू म्हणशील तोवरच तुझी,
बेल्किस