साबणाच्या भांडणावरून बंद पडलेल्या बोअरिंगबाबत

प्रति,
मा. प्रमुख साहेब,
टंचाई बोअरिंग पथक,
अहमदनगर.

अर्जदार : रंगुबाई गहिनीनाथ वराट, वय ४६, धंदा शेती, सध्या बोअरिंगवरच्या माणसांचा स्वयंपाक, रा. खडकवस्ती, ता. जामखेड.

विषय : भाषेची अडचण दाखवून बंद केलेले खडकवस्तीचे बोअरिंग त्याच दोन परदेशी माणसांकडून पुरे करून मिळणेबाबत.

संदर्भ : काम थांबविण्याचा आपला आदेश, दि. ९ मार्च १९७३.

महोदय,

अर्जदार बाईचे हात जोडून सांगणे असे की,

१. दिवाळीपासून गावच्या विहिरी आटल्या आहेत. टँकर दोन दिवसांआड येतो, घरटी दोन बादल्या मिळतात. अशात आपल्या कृपेने परदेशी मदतीतले मशीन आले व सोबत दोन माणसे आली. मशीन चालविणारे मिलोराद हे युगोस्लाव्हियाचे, ते सर्बी बोलतात. पाइप उतरविणारे हाशिम हे इराकचे, ते अरबी बोलतात. इंग्रजीच्या वाटेला दोघेही जात नाहीत. एकशे चाळीस फुटांवर ओली माती लागली. गावाने ती हुंगून पाहिली. तिसऱ्या दिवशी काम बंद झाले.

२. बंद होण्याचे कारण ओव्हरसियर साहेबांचा रिपोर्ट. ते सहा तारखेस आले तेव्हा हाशिम यांनी साबणाची वडी मिलोराद यांच्या छातीला टेकवली होती आणि मिलोराद यांनी आपली टोपी जमिनीवर आपटली होती. दोघांचा आवाज वेशीपर्यंत जात होता. साहेबांनी लिहून घेतले, “परस्परांची भाषा न समजल्याने विकोपाचे वितुष्ट.” अर्जदार म्हणाली, “साहेब, च्या घ्या, तवर भांडण संपतंय.” साहेब म्हणाले, “बाई, तुम्हाला काय कळतंय यातलं?” अर्जदार म्हणाली, “सगळं.” पण तोवर जीप सुरू झाली होती.

३. तरी ते ‘सगळं’ येथे मांडण्याची परवानगी असावी. अर्जदार शाळेत गेलेली नाही. ऊसतोडीला असताना गाडीवानांच्या चिठ्ठ्या वाचून अक्षरे शिकली. ही दोन माणसे चाळीस दिवस तिच्या चुलीपुढे जेवली. भाकरी थापता थापता तिने दोघांचे शब्द विचारले व वहीत शेजारी शेजारी लिहिले. सर्बीत शेचेर, अरबीत सुक्कर, आपली साखर. सर्बीत लिमुन, अरबीत लैमून, आपले लिंबू. साबणाला एक सापुन म्हणतो, दुसरा साबून. नदीकाठच्या गावांतून एकच सोयरीक फिरावी तसे हे शब्द फिरलेले दिसतात.

४. फरकही आहेत, ते लपविणे बरे नव्हे. सर्बीतले काही शब्द आमच्या विहिरींसारखे कोरडे आहेत. बोटाला ते ‘प्रस्त्’ म्हणतात, त्यात स्वराचा थेंब सापडत नाही. अरबी उलट घशाच्या तळातून येते, दीडशे फुटांच्या आत तिचे अक्षर लागत नाही. अरबीत दोन वस्तूंसाठी वेगळे रूप आहे. घरटी दोन बादल्यांमुळे ते गावातल्या बायकांना पाठ झाले. सर्बीत दोन ते चार बादल्यांना एक रूप आणि पाचव्या बादलीपासून दुसरे. पाचवी बादली कुणाच्याच दारात न आल्याने त्या रूपाचा सराव राहून गेला आहे. पाण्याला सर्बी ‘वोदा’ म्हणतो आणि इराकी ‘माय’. हाशिम पाणी मागू लागले की अर्जदाराच्या सासूबाई गोजरबाई “काय रं लेकरा?” म्हणून उठतात, आणि तांब्या घेऊनच येतात.

५. आता सहा तारखेचे खरे. साबण हा शब्द मूळचा कोणाचा, यावर वाद होता. हाशिम म्हणत, आमच्याकडून गेला. मिलोराद म्हणत, माझ्या आजीच्या मोरीत होता. चाळीस दिवस एका चुलीपुढे बसून दोघे एकमेकांचे शब्द शिकले होते; हे सगळे एकमेकांना समजत होते म्हणूनच तापले. ज्याचे बोलणे कळत नाही त्याच्याशी माणूस हसतो, मान हलवतो, फार तर तंबाखू पुढे करतो. भांडायला भाषा पुरती यावी लागते. अर्जदाराच्या लग्नाला तीस वर्षे झाली, हे ती अनुभवाने लिहीत आहे.

६. शेवटी गोजरबाई पुढे झाल्या. “आरं बाबांनो, साबन तुजा बी न्हाई अन् त्याचा बी न्हाई. माज्या सुनंचा हाय. भांडताना लई झिजतुया, ठिवा खाली!” अर्जदाराने हे दोन्ही भाषांत सांगितले. साबण खाली आला, टोपी डोक्यावर गेली, दोघे पोट धरून हसले व पाइप उतरवू लागले. फक्त हे पाहायला ओव्हरसियर साहेब नव्हते.

७. आपल्या आदेशाने मिलोराद यांना जामखेडच्या बंगल्यात व हाशिम यांना नगरला ठेवले आहे. प्रथम इंग्रजीचा दुभाष्या आला. त्याचे दोघांनाही कळेना. आता सर्बी व अरबी दोन्ही जाणणारा माणूस पुण्यामुंबईकडे शोधून ‘उपलब्ध नाही’ असा शेरा पडल्याचे कळते. तरी नम्र निवेदन की असा माणूस उपलब्ध आहे. तो बाईमाणूस आहे व सध्या राखेने भांडी घासत आहे. तिला हुद्दा नको, पगार नको. उन्हाळ्याचे तीन महिने अजून जायचे आहेत आणि ओली माती वाळायला लागली आहे, एवढेच.

८. सबब विनंती की, खात्री करायची तर साहेबांनी स्वतः यावे आणि त्या दोघांना एकाच जीपमध्ये आणावे. वाटेत पुन्हा जुंपली तर घाबरू नये, मध्ये पडू नये, गाडीही थांबवू नये. तसेच तापलेले मशीनपर्यंत पोचवावेत. पुढचे काय ते गाव बघून घेईल.

टँकरच्या नव्हे, आपल्या जीपच्या वाटेवर डोळे लावून बसलेली,

(सही) रंगुबाई गहिनीनाथ वराट
खडकवस्ती, दि. १९ मार्च १९७३

सोबत : शब्दांच्या वहीची नक्कल, पाने अकरा. हाशिम यांच्या हातची चार पाने उजवीकडून वाचावीत.