पोटमाळा रिकामा आहे

९ जून
पोचले एकदाची! वेल्समधलं एवढंसं गाव, आणि माझं पहिलं स्वतंत्र काम. जुन्या चॅपलची, म्हणजे छोट्या चर्चची, घरं करतायत. छताला हात लावायच्या आधी तिथे वटवाघळं नाहीत असं मी लिहून द्यायचं. असली तर कायद्याने काम बंद. कॉन्ट्रॅक्टर गेथिन मला बघून हसलाच. म्हणाला, या वटवाघूळबाई, चहा घ्या, तीन पिढ्या आम्ही इथे भजनं गातोय, एक पंख दिसला नाही कधी. त्याच्या बायकोने मनुका घालून तव्यावर भाजलेल्या छोट्या गोड पोळ्या पाठवल्या होत्या. चार खाल्ल्या!

११ जून
संध्याकाळी दोन तास खुर्ची टाकून छताकडे बघत बसले. गारठा, भुरभुर पाऊस. एकही बाहेर आलं नाही. खरं तर अशा थंडीत ती बाहेर पडतच नाहीत, उबदार संध्याकाळी परत मोजायला हवं. पण गेथिन म्हणाला, अगं पोरी, माझी माणसं आठवडाभर हातावर हात ठेवून बसलीयेत, तुझ्या उडत्या बाळांसाठी अजून किती थांबू?
सही केली. 'पोटमाळा रिकामा.'

१३ जून
गेथिनच्या माणसांनी छताच्या सगळ्या फटी सकाळीच बुजवल्या. नंतर मस्त ऊन पडलं. दुपारी वरून खरवडल्याचा आवाज. खूप नखांचा.
जून म्हणजे पिल्लांचे दिवस. आया आत आहेत, पिल्लांसकट.
सांगितलं तर लायसन्स जाणार. कोर्टसुद्धा. गेथिनने विचारलं तर म्हटलं, उंदीर असतील. आवाज आला तरी लक्ष देऊ नका.

१५ जून
आवाज कमी झालाय. वास येतोय. गेथिन म्हणतो, दमले वाटतं तुझे उंदीर. उद्या खालून पोटमाळ्याच्या फळ्यांत थंडी अडवणारा फेस मारणार आहेत, फुगून दगडासारखा घट्ट होतो तो.
जेवण जात नाही.

१६ जून
जेवणाच्या सुट्टीत शिडी लावून गुपचूप पोटमाळ्यावर आले, डोक्याला टॉर्च, खिशात ही वही. तुळईला चिकटलेल्या आया. मेलेल्या. पोटाशी पिल्लं, काही जिवंत— टोपीत घेत होते, तेवढ्यात खालून पोटमाळ्याचं झाकण बंद. स्क्रू पिळल्याचा आवाज. शिडीही नेली.

फोन खाली जॅकेटमध्ये. ओरडले, पण खाली मशीन सुरू झालंय. लाथा मारल्या. गेथिन पोरांना ओरडून म्हणाला, बाईंनी सांगितलंय ना, लक्ष देऊ नका म्हणून! मारा फेस.

फळ्यांमधून फेस वर येतोय. फुगतोय. गरम. डोळे—

पिल्लं माझ्या गळ्याशी आलीत. उबेला. बारा. नाही, तेरा—

गुडघ्यापर्यंत. पाय हलत ना