आडनाव वेगळं, आत्या तीच

डुलुथ, ४ जून

चि. आर्वो यास अनेक आशीर्वाद.

बागेत रुबार्बची आंबट भाजी माजलीय, येऊन घेऊन जा. आता मुद्द्याचं. तुझ्या अन्निकाच्या मेडिकल प्रवेशासाठी शिफारसपत्राची विनंती मला आली आहे. नात्याच्या रकान्यात लिहिलंय, ‘वरिष्ठ डॉक्टर’. आत्या असल्याचा उल्लेखच नाही. नातेवाइकांची पत्रं चालत नाहीत, हे तिला ठाऊक आहे. लग्नानंतर माझं आडनाव बदललं, तेव्हा कुणाला कळणार, हा हिशेब तुझाच दिसतो. तसं नसेल तर क्षमा माग म्हण, मागेन. पण मन काही तसं म्हणत नाही.

रागासकट लोभ असावा.
हेल्मी

मिनियापोलिस, ९ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र म्हणजे पोलीस तपासच. लहानपणी नाताळची भेट उघडण्याआधी तू आत दुकानाची पावती शोधायचीस! दोन उन्हाळे पोरगी तुझ्या दवाखान्यात राबली. मग तू वरिष्ठ डॉक्टर नाहीस तर कोण, रखवालदार? आडनावाचं मला सुचलंही नव्हतं. गेल्या वर्षी एकाही कॉलेजने तिला मुलाखतीला बोलावलं नाही. यंदाही तसंच झालं तर ती डॉक्टरकीचा नाद सोडणार आहे. तुझ्याकडच्या डॉ. ग्रेडींनी पत्र द्यायला नकार दिला. का, ते तूच विचार.

संशय थोडा कमी करून माया वाढव.
आर्वो

डुलुथ, १३ जून

चि. अन्निका हिस अनेक आशीर्वाद.

ग्रेडींना विचारलं. तू आलीस त्या दिवशी मी सगळ्यांना बजावलं होतं, ही माझी भाची, हिचं कौतुक करायचं नाही. त्यामुळे तू पत्र मागितलंस तेव्हा, मीच त्यांची परीक्षा घेतेय असं त्यांना वाटलं. आता मी लिहा म्हटलं तर तो हुकूमच होईल. म्हणून मीच लिहिलं आणि थेट प्रवेश-अर्जांच्या कार्यालयाकडे पाठवलं. पहिलं वाक्य सांगते : ही माझ्या सख्ख्या भावाची मुलगी आहे, पुढचं सगळं संशयानेच वाचा. कदाचित तिथेच ते पत्र बाजूला टाकतील. बाकीचं वाचण्याचा हक्क तू अर्ज भरतानाच सही करून सोडला आहेस. कॉलेजांना ते पत्र जोडायचं की नाही, हे मात्र तुझ्या हातात आहे.

माझ्यावर विश्वास ठेव, असं म्हणायचा धीर होत नाही.
आत्या

मिनियापोलिस, १९ जून

ती. आत्यास सा. न. वि. वि.

‘वरिष्ठ डॉक्टर’ मीच लिहिलं, आणि लपवायचंच होतं. बाबांना तू उगाच झोडपलंस. तुझं पत्र आल्याचं कळलं, पण जोडायला हात धजेना. आत वाईटच असेल, असं राहून राहून वाटायचं. तू मला चांगलं म्हटलेलं मी कधी ऐकलंच नाही ना! काल सगळ्या कॉलेजांना जोडून टाकलं. पहिल्या वाक्यावर कुणी थांबलं, तर खरं वाचून थांबेल.

मुलाखत येवो न येवो, मी पुढच्या रविवारी येतेय. पेशंटसमोर मी कशी वागते म्हणून तू अनोळखी लोकांना कळवलंस, ते मला तोंडावर सांग.

लोभ असावा, असं लिहीत नाही. आहे का, ते विचारतेय.
अन्निका