एकट्याची हरकत

ओजिमा, टोकियो

प्रिय संपदा,

तू पाठवलेली भाजणी पोचली. गिऱ्हाइकांच्या नजरेला पडू दिलेली नाही.

तू फोनवर तुझा प्रबंध वाचतेस आणि मी कांदा चिरत ऐकतो, त्यामुळे तुझा तो अमेरिकेतल्या ओहायोचा जुन्या काळचा जज्ज व्हिटकोम्ब आता आमच्या भटारखान्यातलाच झालाय. कातडी कमावणाऱ्याचा पोरगा. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, वकिलाच्या कचेरीत झाडू मारता मारता कायदा वाचला. मीही योकोहामाला भांडी घासत, कान टवकारून जपानी शिकलो, म्हणून माणूस आवडला. पुढे वकील, जिल्ह्याचा जज्ज, मग लोकांनी निवडून राज्याच्या वरच्या कोर्टात बसवला. काळ्या मुलीला गावच्या शाळेत घ्यायचं का, या खटल्यात बाकीचे सगळे जज्ज 'नको' म्हणाले. यानं एकट्यानं 'घ्या' असं लिहून ठेवलं. पुढच्या निवडणुकीत आपटला, गावी जाऊन पुन्हा वकिली करू लागला. मी विचारलं, काय मिळालं गं त्याला? तू चिडून फोन ठेवलास.

आता इथलं. तुला शाळेतून आणायच्या त्या मोरीबाई हल्ली कचऱ्याचे वार विसरतात. ओला कचरा भलत्याच दिवशी ठेवतात, कावळे तो जिनाभर पसरतात. रहिवासी मंडळ त्यांच्या पुतण्याला कळवणार आहे, बाईंना वृद्धाश्रमात न्या म्हणून. इथल्या सभा तुला ठाऊक आहेत. अध्यक्ष घरोघर फिरून आधीच सगळं पक्कं करतात, मग ठराव वाचला की सगळे एका सुरात 'इगी नाशी', म्हणजे हरकत नाही. परवा तयारीच्या बैठकीत हाच ठराव वाचला, मी चहा देत होतो. सगळ्यांचं म्हणून झालं आणि मागच्या खुर्चीतून, अर्ध्या श्वासात, आणखी एक 'इगी नाशी' आलं. मोरीबाईंचं.

काल अध्यक्ष ओकुबोसान दुकानात आले. गाळा त्यांचाच. समोसा खाऊन म्हणाले, "प्रल्हादसान, रविवारी या हं. तुमचा करारही यंदा संपतोय, नाही का?" इतकं गोड बोललेलं मला बरोबर ऐकू येतं.

रविवारी मी हात वर करून 'इगी आरी' म्हणणार. हरकत आहे. बाईंचा कचरा माझ्या घरच्या कचऱ्याबरोबर मी नेईन, हेही सांगणार. ठराव होईलच. गाळा गेला तर ग्योतोकु भागात दुसरा बघू. तुझी आई फोन करेल, 'बाबांना समजाव' म्हणेल. समजावू नकोस, एवढ्यासाठीच हे आधी लिहिलं. फोनवर तुझा रडवेला आवाज ऐकला असता तर मी ढिला पडलो असतो, आणि रविवारी मला आवाज चढा लावायचाय. मागच्या खुर्चीपर्यंत पोचायला हवा.

तुझाच,
कांदा चिरणारा बाबा