मळ्यातल्या शेवऱ्या

प्रिय दीपमाला,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसते आणि उठते. पानपिंपळीचे वेल उन्हानं जळाले, हे फोनवर कळलं होतं. पण शेषरावकाका महिनाभर स्वतःच्या लेकीशी एक शब्द बोललेले नाहीत, तू वाढलेलं ताट तसंच सरकवून ठेवतात, हे तू पत्रातच लिहिलंस.

अमरावतीच्या होस्टेलमधून तू मला पहिल्यांदा अंजनगावला नेलंस, तो दिवस आठवतो का? मी तशीच मळ्यात शिरायला निघाले, तर काका केवढ्यानं ओरडले, "चपला भायेर काढ वो माय, आत वेल हाये!" मला राग नाही आला. बाळापूरला आमच्या दुकानात सतरंजीवर कुणी चपलांसकट चढलं की अब्बाही असेच ओरडतात. बाहेर एप्रिल पेटलेला आणि आत वेलांना आधार देणाऱ्या शेवऱ्यांच्या झाडांच्या सावलीत पायाखाली गार, ओली माती. दोन दिवस मी तिथून हलले नव्हते.

त्याच शेवऱ्या तू मार्चमध्ये तोडल्यास. औषधवाल्यांना थेट पिंपळी विकायची तुझी कंपनी, तिचं नाव, तिचं खोकं, सगळं मला पाठ होतं. पाण्याची बोंब होती, आणि तू मोबाइलवर धंद्याच्या सल्ल्यांचं पान रोज वाचत होतीस, त्या धंदादादाचा नियमच होता: जे कमावत नाही ते आजच कापा. शेवऱ्या पाणी पितात, खत खातात आणि देत काहीच नाहीत. तू लोखंडी खांब रोवलेस, तारा ओढल्यास. काका म्हणाले होते, "त्या मोबाइलवाल्यानं कधी मळ्यात चपला काढल्या काय?" तू ते फोनवर हसत हसत सांगितलंस. मीही हसले. मग एकदम गंभीर होऊन तू विचारलंस, "गजाला, तुले काय वाटते?" मी म्हणाले, दादा म्हणतात तर बरोबरच असेल.

तो फोन रोज आठवतो.

गेल्या ईदला घरी गेले होते. अब्बा चाळीस वर्षं सतरंज्या विकतात, तरी पुढच्या हंगामाचं विचारलं की दाढी खाजवत म्हणतात, "अंदाज हाये बेटा, अल्ला जाने." मला त्यांची कीव यायची. इकडे पुण्यात आमच्या ऑफिसात 'अंदाज' आणि 'कदाचित' हे शब्द लिहायची बंदी आहे. लिहिले की साहेब खोडतात. म्हणतात, लोकांना खात्री हवी असते, खात्री द्या. दोन वर्षांत मला ते इतकं जमलं की माझी बढती झाली. काय काम करतेस, असं तू विचारायचीस तेव्हा मी "लिहायचं काम" एवढंच सांगत आले.

तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळी: "दादा लिहितात, हरलेला माणूस दुसऱ्याला दोष देतो. म्हणून मी कोणालेच देत नाही, चूक माझीच." दीपा, ते दादाचं वाक्य मी लिहिलंय. एका सोमवारी, डबा खाता खाता. 'आजच कापा' हेही माझंच. त्या पानावरचा मिशीवाला दादा कुठेच नाही. मी आहे, जिनं आयुष्यात एक सतरंजीसुद्धा विकलेली नाही. तू मला विचारलंस तेव्हा खरं सांगायची लाज वाटली, आणि खोटं कशाला बोलू, माझं वाक्य तू पाठ केलंस याचा आनंदही झाला. शेवऱ्या तोडशील हे कळत असूनही मी तुला अडवलं नाही. ज्या सावलीत दोन दिवस बसले होते, तीच तुला तोडू दिली. म्हणून आता एवढंच कर. हे पत्र काकांना मोठ्यानं वाचून दाखव, माझ्या नावासकट. त्यांना बोलणं टाकायचंच असेल तर माझ्याशी टाकू दे. तुझ्या हातचं ताट त्यांनी जेवायला हवं.

तू म्हणू देशील तोवर तुझीच,
गजाला