शिवणाच्या बाई आणि माझा कॉम्प्युटर

आई, आज दुपारी तुमच्या नातीच्या नव्या कॉम्प्युटरमध्ये पंखे बसवत होते. तुम्ही तिला पाहिलंच नाहीत. आता कॉलेजात जाते. सुटे भाग मागवून तिने कॉम्प्युटर घरीच जुळवायला घेतलाय. "सगळ्याच फॅननी हवा आत घेतली तर जास्त कूल राहील ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, "आणि तापलेली हवा कुठून जाईल?" मग तिला दाखवलं, की पंख्याच्या ज्या बाजूला आडवे दांडे असतात, तिकडून हवा बाहेर पडते, पुढचे पंखे गार हवा आत ओढतात, मागचा आणि वरचा गरम हवा बाहेर टाकतात. "छान समजावतेस गं," ती म्हणाली. तुमचेच शब्द, तसेच. मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिले.

लग्न होऊन धायरीच्या फ्लॅटमध्ये आले तेव्हा तुम्ही शाळेतून नुकत्याच निवृत्त झाला होता. शिवणाच्या बाई. घरात उघडं असं काही नसायचंच. मिक्सरला झबलं, टीव्हीला झालर, फ्रिजच्या हँडललासुद्धा कापडी बाही. माझा कॉम्प्युटर हॉलच्या कोपऱ्यात आला आणि लगेच त्यालाही निळ्या छिटाचं कव्हर झालं. समोर बांधकाम चालू, घरभर धूळ, म्हणजे तुमचंही चुकत नव्हतं. मी आर्किटेक्ट लोकांसाठी घरांची चित्रं करायचे, मशीन तासन्‌तास चालायचं. मे महिन्यातल्या एका दुपारी मी जेवायला उठले आणि तुम्ही चालू मशीनवरच कव्हर घातलंत. ते तापून बंद पडलं. सकाळपासूनचं काम गेलं. "अहो आई, हा काय पोळ्यांचा डबा आहे का, झाकून ठेवायला?" मी ओरडलेच. तुम्ही कव्हर काढलंत, घडी घातलीत आणि म्हणालात, "पोळ्यांचा डबा निदान अंगावर ओरडत नाही."

मग बरेच दिवस तुम्ही त्या कोपऱ्याकडे फिरकला नाहीत. आणि एका दुपारी गळ्यात टेप अडकवून येता, खुर्ची ओढून बसता, विचारता, "हवा कुठून आत जाते ते दाखव. तेवढी जागा मोकळी ठेवून शिवते." मी बाजूचा पत्रा काढून पंखे दाखवते. तेवढ्याने तुमचं समाधान होत नाही, म्हणून पत्रा परत लावते आणि उदबत्ती पेटवून पुढच्या जाळीपाशी धरते. धूर सरळ आत ओढला जातो आणि मागच्या पंख्यातून बाहेर येतो. तुम्ही चक्क टाळी वाजवता. "छान समजावतेस गं. शाळेत असतीस तर माझ्या मुली तुझ्याच वर्गात पळाल्या असत्या." मग टेप बोटाला गुंडाळत, माझ्याकडे न बघता, "मलाही शिकव ना हे. ब्लाउजचं ड्राफ्टिंग काढता येईल का यावर?" "येईल की," मी म्हणते. "एवढं काम संपू दे, पुढच्या आठवड्यात बसू."

ते काम संपलं. कव्हरही शिवून आलं, पुढे, मागे आणि वर जाळीचे चौकोन ठेवलेलं, आणि मी ते फाटेपर्यंत वापरलं. पण आपण बसलो नाही. मोकळ्या दुपारी पुष्कळ आल्या आणि गेल्या. एकदोनदा तुम्ही माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिलात. मी विचारलं, "काही हवंय का?" "छे, तुझं चालू दे," म्हणून आत गेलात. मला वाटलं, विसरला असाल. त्याच वर्षी थंडीत तुम्ही गेलात. भेटायला आलेल्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाई सगळ्यांना सांगायच्या हो, सून मला कॉम्प्युटर शिकवणार आहे." सगळ्या बिल्डिंगला सांगितलं होतंत. पुन्हा विचारलं नाहीत ते फक्त मला.

हे मी तुमच्या मुलाला कधी बोलले नाही. आताही तो चहाला हाक मारतोय आणि मी कामात आहे म्हणून सांगितलंय. हे लिहिलेलं मी ठेवणार नाही, पुसून टाकीन. फक्त एवढं सांगते. ज्या घराच्या चित्रांसाठी तुम्हाला थांबवलं, ते कुणाचं होतं, हे दुपारपासून आठवून बघतेय. आठवत नाही, आई.